काळा रुपया घासू नका!

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कपाटाच्या तळातून एक छोटीशी पुरचुंडी बाहेर निघते. तुमच्या घरी निघते का? त्या पुरचुंडीत असतात जुने चांदीचे रुपये. कुणी त्यांना ‘राणी छाप’ म्हणतं, कुणी ‘कलदार’, तर कुणी नुसतंच ‘बंदे रुपये’. बघावं तर रुपया काळा पडलेला! मग सुरू होते घासाघीस. चिंचेचा कोळ, राख, भांडी घासायची पावडर, हल्ली तर टूथपेस्टसुद्धा! दहा मिनिटांत रुपया आरशासारखा लखलखतो आणि सगळे खूश होतात.

पण दोस्तांनो, जुन्या नाण्यांचा जाणकार तिथे असेल ना, तर तो कपाळावर हात मारून घेईल! का? काळा रुपया वाईट आणि चकचकीत रुपया चांगला, असंच नाही का? नाही. पुष्कळदा अगदी उलट असतं. कसं ते आज पाहू. हा लेख वाचून झाला, की तो आजीला आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा. दिवाळीच्या आधी दाखवलात तर फारच छान!

हा काळेपणा आला कुठून?

लोखंड गंजतं ते हवेतल्या प्राणवायूमुळे आणि ओलाव्यामुळे. चांदीचं तसं नाही. चांदीचं खरं वैर आहे गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात असतो. सडक्या अंड्याला जो घाण वास येतो, तो याच वायूचा. गटारं, कोळशाचा धूर, रबर, लोकर अशा कितीतरी ठिकाणांहून गंधकाची संयुगं हवेत येत असतात. ती चांदीला भेटली, की तिच्यावर ‘सिल्व्हर सल्फाइड’ या काळ्या पदार्थाचा पातळ थर चढतो.

आता गंमत पाहा. हा थर एकदम काळा होत नाही. आधी तो फिकट पिवळा दिसतो, मग सोनेरी-तपकिरी, मग लालसर जांभळा, मग निळा आणि बराच जाड झाला की काळा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर इंद्रधनुष्य दिसतं ना? साबणाच्या फुग्यावर दिसतं ना? तसंच हे. थराच्या वरच्या बाजूने आणि खालच्या बाजूने परत फिरणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग उमटतात. असे रंग दाखवणारा थर किती पातळ असतो, सांगू? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाच्या आसपास!

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या काळ्या थराचं वजन १०० भाग धरलं, तर त्यात ८७ भाग चांदीच असते! गंधक फक्त १३ भाग. म्हणजे तुम्ही जो ‘मळ’ समजून घासून टाकता, तो मळ नसतोच. ती नाण्याचीच कातडी असते. दरवर्षी घासा, दरवर्षी एक कातडी जाते. पन्नास दिवाळ्यांनंतर राणीचं नाक कुठे गेलं, असं विचारायची वेळ येते!

रुपयाने काय काय पाहिलं

तुम्ही साताऱ्याला किंवा सांगलीला राहत असाल, तर तुमच्या घरातल्या रुपयाला एक मोठी गोष्ट सांगायची असते.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे मराठेशाहीतले रुपये. ते हाताने ठोकलेले असत. त्यांवर मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असे आणि एखादं चिन्ह असे. पुण्याच्या ‘अंकुशी’ रुपयावर हत्तीचा अंकुश असायचा. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे पुरा मजकूर एका नाण्यावर मावतच नसे. (शिवराई नाही का यात, असं कुणी विचारील. शिवराई तांब्याची. तिच्यावरच्या हिरव्या-काळ्या रंगाचं शास्त्र वेगळं आहे.)

पुढे १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने साऱ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. तो यंत्रावर, म्हणजे ‘कले’वर पाडलेला, म्हणून ‘कलदार’. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग मिसळ. १८४० साली त्यावर व्हिक्टोरिया राणी आली. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर छत्रपती होते. १८४८ साली डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं. १८४० चा रुपया तुमच्या घरी असेल, तर तो कदाचित त्याआधीपासूनचा असेल!

१८६२ चा आकडा असलेले रुपये खूप सापडतात. कारण १८७४ पर्यंत रुपयांवर १८६२ हेच साल छापत राहिले. १९०३ पासून सातवा एडवर्ड आला. रुपयावर त्याच्या डोक्याला मुकुटच नाही. १९११ पासून पाचवा जॉर्ज आणि त्याच्या पाठोपाठ सहावा जॉर्ज. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल आणि जस्त. तेव्हाच सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं होतं. त्या वेळी सांगलीकडचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं.

म्हणजे १९४३ चा रुपया हातात घेतलात, तर तो कदाचित कुंडलच्या बाजारात फिरलेला असेल! अशा रुपयाचं अंग घासायचं, म्हणजे जुन्या वहीतली शाई खोडरबराने पुसण्यासारखंच की!

भट्टीत गेलेलं परत येत नाही

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातले हजारो लोक ‘गलाई’चा धंदा करतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. पाऊस कमी, शेती कोरडी, म्हणून इथली माणसं कितीतरी वर्षांपूर्वी बाहेर पडली आणि भारताच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन त्यांनी भट्ट्या थाटल्या. दूरच्या एखाद्या शहरातल्या सराफकट्ट्यावरही अस्सल माणदेशी मराठी कानी पडते, ती यांचीच. मोठं कसबाचं काम आहे ते. जुने दागिने, तुकडे, सराफाच्या दुकानातला कचरासुद्धा मुशीत जातो आणि शुद्ध धातू बाहेर येतो.

भट्टीला मात्र राणी ठाऊक नसते आणि जॉर्जही ठाऊक नसतो. तिच्या दृष्टीने सगळी चांदी सारखीच. चांदीचा भाव चढला, की घराघरातले जुने रुपये वजनावर मोडीत जातात आणि त्यांची लगड होते. यात गलाईवाल्याची काही चूक नाही, त्याच्याकडे जे येतं ते तो गाळतो. ठरवायचं असतं आपण. घासून गुळगुळीत झालेल्या रुपयाला मोडीचीच किंमत येते. पण ज्याचं मूळ अंग शाबूत आहे, त्या रुपयाला संग्राहक चांदीच्या भावाहून जास्त पैसे देतात, कधी कधी पुष्कळच जास्त. म्हणून देण्याआधी नीट पारखायला हवं.

चला, पारखू या!

त्यासाठी काय लागेल? एक भिंग, खिडकीतलं ऊन किंवा एकच दिवा, आणि खाली अंथरायला मऊ रुमाल. नाणं नेहमी कडेने धरायचं, दोन बोटांत. मधोमध बोट टेकवायचं नाही, बोटाचा घाम आणि तेल कायमचा ठसा सोडून जातं.

आता स्वतःला पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : प्रकाश फिरतो का? रुपया दिव्याखाली हळूहळू कलता करा. यंत्राच्या जोरदार दाबाखाली चांदी मधून कडेकडे सरकते आणि अगदी बारीक रेषा उमटतात. त्यामुळे न वापरलेल्या नाण्यावर सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे गोल फिरताना दिसतात. रुपया काळसर असूनही त्या काळेपणाखालून असा प्रकाश फिरत असेल, तर आनंदाने उडी मारा. (नाणं आधी रुमालावर ठेवा, मग मारा!) मूळ पृष्ठभाग अजून जिवंत आहे. पॉलिश केलेलं नाणंही चमकतं, पण त्याची चमक स्टीलच्या वाटीसारखी सपाट असते. ती फिरत नाही.

दुसरा प्रश्न : बारीक ओरखडे आहेत का? भिंगातून मोकळ्या जागेकडे पाहा. शेजारी शेजारी, एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा दिसल्या, तर समजा की कुणीतरी फडक्याने नाहीतर राखेने घासलंय. खिशात फिरून पडलेले ओरखडे वेडेवाकडे असतात, एका दिशेचे नसतात.

तिसरा प्रश्न : काळं कुठे आहे आणि पांढरं कुठे? हातोहात फिरलेल्या रुपयाचे उंचवटे, म्हणजे राणीचा गाल, केसांच्या लाटा आणि मुकुट, बोटं लागून फिकट राहतात. अक्षरांच्या कोपऱ्यात आणि फुलांच्या नक्षीत काळेपणा साचतो. हा उतार हळूहळू होत जातो, जसा संध्याकाळी उजेड जातो तसा. याउलट अक्षरांभोवती काळी कड आणि बाकी सगळं पांढरंफटक असेल, तर रुपया घासलेला आहे. फडकं खाचेत पोचलं नाही, एवढंच.

चौथा प्रश्न : ओरखड्याच्या आत कोणता रंग आहे? हा अगदी गुप्तहेराचा प्रश्न! ओरखडा आतूनही आजूबाजूइतकाच काळा असेल, तर तो जुना आहे. आत पांढरा चकाकत असेल, तर तो काळेपणा आल्यानंतर पडला, म्हणजे ताजा. पूर्वीचे सराफ रुपया खरा की खोटा ते पाहायला त्यावर लहानसा ठसा मारत. त्या ठशाच्या खड्ड्यातही हाच प्रश्न विचारता येतो.

पाचवा प्रश्न : हा काळेपणा खरा की केलेला? हो, काळेपणासुद्धा बनवता येतो! ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने तुम्ही जत्रेत पाहिले असतील. ते गंधकाच्या रसायनात बुडवून मुद्दाम काळे केलेले असतात. घासलेला रुपया पुन्हा जुना दिसावा म्हणून काही लबाड लोक असाच उपाय करतात. मग ओळखायचं कसं? खोटा रंग सगळीकडे एकसारखा, डांबर फासल्यासारखा असतो. किंवा निळे-जांभळे भडक डाग एकदम सुरू होतात आणि एकदम संपतात. आणि त्या रंगाखाली दुसऱ्या प्रश्नातल्या घासल्याच्या रेघा दिसल्या, तर चोर सापडलाच! आधी घासलं, मग काळं केलं.

एक लक्षात ठेवा. एका उत्तरावर निकाल द्यायचा नाही. पाचही उत्तरं एकाच दिशेला बोट दाखवतात का, ते पाहायचं. आणि सगळाच काळेपणा चांगला, असंही नाही. थर फार जाड होऊन खरखरीत झाला, त्याचे पापुद्रे निघू लागले आणि प्रकाश मुळीच फिरेनासा झाला, तर खालचा मूळ पृष्ठभाग खाल्ला गेलेला असतो. असं नाणं काळं म्हणून मौल्यवान ठरत नाही.

हत्ती की डुक्कर?

पृष्ठभाग एवढा महत्त्वाचा का, याची एक मजेदार गोष्ट ऐका. १९११ सालच्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एक छोटा हत्ती काढलेला आहे. पण त्याची सोंड इतकी आखूड दिसत होती, की लोक म्हणू लागले, हे तर डुक्कर आहे! केवढा गोंधळ उडाला! सरकारला ते रुपये मागे घ्यावे लागले. बरेचसे वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ चा रुपया कमी सापडतो. आता विचार करा, तो हत्ती आहे ज्वारीच्या दाण्याहून लहान. चार दिवाळ्या राखेने घासलं, तर ना हत्ती उरेल, ना डुक्कर!

दुसरी गोष्ट फार जुनी. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे नहपान राजाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खाली हरलेल्या राजाच्या पुसट खुणा आणि वर जिंकलेल्या राजाचा ठसा! गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, याचा हा पुरावा. ती नाणी सापडल्याबरोबर मुशीत गेली असती, तर? किंवा घासून गुळगुळीत केली असती, तर? पुसट खुणा सर्वांत आधी जातात.

घरी करून पाहा

पहिला प्रयोग काळ्या रंगाचा. यासाठी नाणं मुळीच घ्यायचं नाही. तुटक्या पैंजणाचा एखादा तुकडा आईला विचारून घ्या. एक अंडं चांगलं कडक उकडा, पिवळा बलक कुस्करून काचेच्या बरणीत ठेवा. चांदीचा तुकडा बलकाला न लागेल असा दोऱ्याने वर टांगा आणि झाकण लावा. तासातासाने पाहा. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग क्रमाने येतात का, ते वहीत लिहा. (अंडं त्यानंतर खायचं नाही!)

दुसरा प्रयोग आर्किमिडीजचा. रुपया खरा चांदीचा आहे का? ओळखीच्या सराफाकाकांकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असतो. १९४० च्या आधीचा रुपया तोलून पाहा. झिजला नसेल तर ११.६६ ग्रॅमच्या जवळपास भरेल. आता पाण्याचा छोटा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवील. कारण रुपयाने तेवढं पाणी बाजूला सारलं. तेवढ्याच वजनाचं ‘जर्मन सिल्व्हर’चं खोटं नाणं हलक्या धातूचं असल्याने जास्त जागा घेतं, त्यामुळे काटा १.३ च्या पुढे जातो. एकही ओरखडा न काढता परीक्षा झाली! मग रुपया मऊ कापडाने टिपून घ्या. टिपून हं, पुसून नाही.

ठेवायचं कसं?

रबर बँड लावून ठेवू नका, रबरात गंधक असतो. लोकरीच्या कापडात गुंडाळू नका. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं तर नकोतच. त्या प्लास्टिकमधून हिरवट चिकट पदार्थ सुटतो आणि नाणं खराब होतं. नाणी विकणाऱ्यांकडे कडक, पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं मिळतात, ती घ्या. नव्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषणारी जी पुडी येते, ती डब्यात टाका. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पावसात तिचा चांगला उपयोग होतो.

आणि सांगलीच्या मित्रांनो, तुम्हाला महापूर काही नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णामाईने घरांत शिरून कपाटांचे तळ भिजवले. २०१९ साली तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा वेळी चिखलात सापडलेली नाणी ब्रशने घासू नका. चिखलातली वाळू म्हणजे पॉलिश कागदच! स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, चिखल आपोआप सुटू द्या, मग टिपून सावलीत वाळवा.

मोठ्यांसाठी दोन शब्द

आजीला पूजेत चमकता रुपया हवा असतो, आणि ते बरोबरच आहे. त्यावर सोपा तोडगा आहे. वर्षानुवर्षं घासलेला एक रुपया पूजेचा म्हणून ठरवून टाका. हळदकुंकू त्यालाच लावा. बाकीचे जसे आहेत तसे ठेवा आणि प्रत्येकासोबत एक चिठ्ठी ठेवा. कुणाकडून आला, कोणत्या लग्नात मिळाला, ते तिच्यावर लिहा. चांदी कुठल्याही दुकानात मिळते, ही चिठ्ठी कुठेच मिळत नाही. मोडीत देण्याची वेळ आलीच, तर सराफाआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर मात्र ती आपली म्हणून ठेवता येत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवलं नाही, तर शिक्षाही आहे. आणि कुठे, किती खोल, कशासोबत नाणी सापडली, यावरूनच इतिहास कळतो.

तर मग दोस्तांनो, यंदा पुरचुंडी सुटली, की सर्वांत आधी तुम्ही पुढे व्हा. चिंचेचा कोळ बाजूला सारा, भिंग आणा आणि ते पाच प्रश्न विचारा. आजी म्हणेल, “अरे, काळाकुट्ट झालाय की तो!” तेव्हा तिच्या हातात भिंग द्या आणि म्हणा, “आजी, जरा कलता करून बघ, प्रकाश फिरतोय!”